‘उपलब्ध’ म्हणजे किती? : दीर्घकालीन खतप्रयोगांतील सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मापनाची चिकित्सा

सारांश

दीर्घकालीन खतवापराचा जमिनीतील सूक्ष्म अन्नद्रव्यांवर होणारा परिणाम तपासण्यासाठी भारतात प्रामुख्याने डीटीपीए या चिलेट द्रावणाने मिळणाऱ्या जस्त, लोह, मँगनीज व तांबे यांच्या आकड्यांचा आधार घेतला जातो. ही पद्धत ‘या हंगामातील पीक सूक्ष्म अन्नद्रव्याच्या खताला प्रतिसाद देईल काय?’ या मर्यादित प्रश्नाच्या उत्तरासाठी विकसित झाली. दीर्घकालीन प्रयोगांच्या लेखनात मात्र तिच्याकडून ‘जमिनीतील साठा घटला काय?’ या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर घेतले जाते. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांमधील फरक, त्यातून होणारी अर्थनिर्णयनाची गफलत आणि तिचे शेतकऱ्याच्या खर्चावर व धान्याच्या पोषणमूल्यावर होणारे परिणाम यांची चिकित्सा केली आहे. उपलब्ध साधनांत शक्य असलेल्या सुधारणाही सुचविल्या आहेत.

बीजसंज्ञा : सूक्ष्म अन्नद्रव्ये, डीटीपीए पद्धत, निर्णायक पातळी, दीर्घकालीन खतप्रयोग, काळी चुनखडीयुक्त जमीन.

प्रस्तावना

एकाच शेतात, त्याच वाफ्यांमध्ये, वर्षानुवर्षे तीच खते देऊन जमिनीचे काय होते हे पाहण्याची परंपरा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ मध्ये सुरू झालेल्या ब्रॉडबाल्क प्रयोगाने घातली. भारतात कानपूर (१८८५) व कोईमतूर (१९०९) येथील स्थायी खतप्रयोग हे तिचे आरंभीचे टप्पे होत. हरितक्रांतीच्या काळात, म्हणजे १९७० मध्ये, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अखिल भारतीय समन्वित दीर्घकालीन खत प्रयोग प्रकल्प हाती घेतला. लुधियाना, जबलपूर, पालमपूर, रांची, पंतनगर अशा भिन्न जमिनींच्या केंद्रांवर तो पसरला. महाराष्ट्रात अकोला येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर काळ्या जमिनीत ज्वारी-गहू पीकपद्धतीवरील प्रयोग १९८८ पासून चालू आहे. आपल्या राज्यातील जमिनीच्या भवितव्याविषयी काही ठामपणे बोलायचे, तर त्यासाठी इतका दीर्घ पुरावा देणाऱ्या जागा फार थोड्या आहेत.

या प्रयोगांतून निघणाऱ्या शोधनिबंधांचा एक साचा आता स्थिर झाला आहे. आरंभी प्रक्रियांची यादी येते : शिफारशीत खतमात्रेच्या ५०, १०० व १५० टक्के, केवळ नत्र, नत्र व स्फुरद, नत्र-स्फुरद-पालाश, त्यासोबत जस्त किंवा शेणखत, आणि विनाखत वाफा. त्यानंतर डीटीपीए-जस्त, लोह, मँगनीज व तांबे यांच्या चार स्तंभांचा तक्ता, पुढे उत्पादनाशी सहसंबंधाचा तक्ता आणि शेवटी निष्कर्ष असा की, केवळ रासायनिक खतांच्या सतत वापराने सूक्ष्म अन्नद्रव्यांची उपलब्धता घटते व शेणखताची जोड दिल्यास ती टिकते. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. ज्या पुराव्यावर तो उभा केला जातो तो पुरावा त्याला पुरेसा आहे काय, एवढाच येथील प्रश्न आहे.

पद्धतीचा उगम व तिचे मूळ प्रयोजन

डीटीपीए पद्धत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लिंडसे आणि नॉर्वेल यांनी विकसित केली. तिचा गोषवारा १९६९ मध्ये व संपूर्ण निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. कृती साधी आहे. १० ग्रॅम माती २० मिलिलिटर द्रावणात दोन तास हलवावयाची, गाळावयाची आणि अर्कातील धातू ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन उपकरणावर मोजावयाचे. द्रावणात ०.००५ मोलर डीटीपीए, ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराईड व ०.१ मोलर ट्रायइथॅनॉलअमाइन असून त्याचा सामू ७.३ इतका राखलेला असतो.

यातील प्रत्येक घटकामागे विचार आहे. डीटीपीए हा चिलेट चारही धातूंना एकाच वेळी पकडतो, म्हणून एकाच अर्कात चार मोजमापे होतात. कॅल्शियम क्लोराईड व स्थिर सामू यांमुळे जमिनीतील मुक्त चुना विरघळत नाही आणि चुन्यात कोंडलेले, मुळांच्या आवाक्याबाहेरचे धातू अर्कात उतरत नाहीत. त्यापूर्वीच्या आम्लयुक्त द्रावणांचा मोठा दोष या योजनेने दूर झाला. ही पद्धत चुनखडीयुक्त जमिनींसाठी मुद्दाम घडविलेली आहे, आणि दख्खनच्या काळ्या जमिनींना ती लावणे तत्त्वतः योग्यच आहे.

मात्र पद्धतीचे यश कशावरून ठरविले गेले, हे पाहणे अगत्याचे आहे. कोलोरॅडोतील ७७ जमिनींवर पिके वाढवून, कोणत्या जमिनीत जस्त, लोह वा मँगनीज दिल्यावर पीक प्रतिसाद देते आणि कोणत्या जमिनीत देत नाही, हे तपासण्यात आले. या दोन गटांना वेगळे करू शकणारी रेषा म्हणजे निर्णायक पातळी. मक्यासाठी जस्ताची पातळी ०.८, लोहाची ४.५, तांब्याची ०.२ आणि मँगनीजची तात्पुरती म्हणून १.० मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ. अशी सुचविली गेली. ‘तात्पुरती’ हा शब्द मूळ लेखकांचाच आहे. भारतात पुढे जस्तासाठी साधारणतः ०.६ व मँगनीजसाठी २.० या पातळ्या रूढ झाल्या.

याचा अर्थ असा की, डीटीपीएचा आकडा हे साठ्याचे मोजमाप नाही. तो एका शक्यतेचा निर्देशांक आहे : रेषेच्या खालच्या जमिनीत प्रतिसादाची शक्यता अधिक, वरच्या जमिनीत कमी. द्रावण व माती यांच्यात दोन तासांत समतोलही प्रस्थापित होत नाही. आणखी हलविल्यास आणखी धातू निघतात. म्हणूनच वेळ, तापमान, मातीची बारीकी आणि हलविण्याचा वेग यांना या पद्धतीत नियमांचे स्वरूप आहे. नियम बदलला की आकडा बदलतो. अशा आकड्याला ‘उपलब्ध जस्त’ हे नाव देताच वाचकाच्या मनात एखाद्या कोठाराचे चित्र उभे राहते. पुढील सर्व गफलतीचे मूळ या नावात आहे.

साठा आणि पुरवठा : एक हिशेब

हा भेद केवळ शब्दांचा नाही हे एका साध्या आकडेमोडीने दिसून येईल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो धरू. डीटीपीए-जस्त ०.६ मि.ग्रॅ. असेल, तर या थरात ‘उपलब्ध’ जस्त १.२ किलो भरते. ज्वारी व गहू ही दोन पिके चांगल्या उत्पादनाच्या वर्षी धान्य आणि कडबा-काड मिळून सुमारे ३०० ग्रॅम जस्त उचलतात असे उदाहरणादाखल गृहीत धरू. हे जस्त कोठारातून जात असते, तर चार वर्षांत कोठार रिकामे झाले असते. तीस वर्षांत पिके ९ किलो जस्त नेतात, म्हणजे ‘उपलब्ध’ साठ्याच्या साडेसातपट.

आता समजा, तीस वर्षांत डीटीपीए-जस्त ०.९ वरून ०.७ वर आले. ही घट हेक्टरी ०.४ किलोची आहे. पिकांनी नेलेल्या ९ किलोंपैकी उरलेले ८.६ किलो कोठून आले? काही खालच्या थरांतून, काही खतांतील अशुद्धतेतून, परंतु बहुतांशी त्याच थरातील इतर रूपांमधून, म्हणजे चिकणमातीच्या कणांवर, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवर, सेंद्रिय पदार्थांत व खनिजांच्या जाळीत बांधलेल्या जस्तामधून. एकूण जस्त ६० मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ. धरले, तर त्या थरात ते १२० किलो भरते. डीटीपीएने जे दिसते तो या १२० किलोंचा शंभरावा हिस्सा आहे, आणि तो सतत भरला जात असतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. डीटीपीएचा आकडा स्थिर राहिला म्हणून जमीन झिजली नाही असे म्हणता येत नाही. मागील साठा घटत असतानाही समोरची पातळी दीर्घकाळ टिकू शकते. उलट, आकडा घटला म्हणून साठा संपत आला असेही म्हणता येत नाही. सामू वा सेंद्रिय कर्ब बदलल्यानेही तेवढा फरक पडतो. एकूण जस्ताची नोंद आणि पिकांनी नेलेल्या व खतांनी आणलेल्या जस्ताचा ताळेबंद नसेल, तर दीर्घकालीन प्रयोगातून ‘झीज’ हा शब्द वापरण्याचा अधिकार मिळत नाही. ज्यांच्याजवळ तीस-चाळीस वर्षांच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत, त्या केंद्रांना हा ताळेबंद मांडणे कठीण नाही. तरीही चार स्तंभांच्या तक्त्यापुढे तो क्वचितच जातो.

देणाऱ्या बाजूचाही हिशेब महत्त्वाचा आहे. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट या प्रचलित मात्रेतून २१ टक्क्यांच्या हिशेबाने सव्वापाच किलो जस्त पडते. सर्वच्या सर्व डीटीपीएला दिसले, तर आकडा २.६ मि.ग्रॅ.ने वाढावा. चुनखडीयुक्त जमिनीत कालांतराने त्याचा बराचसा भाग द्रावणाला न सापडणाऱ्या रूपांत जातो. तो गेला की बांधला गेला, आणि बांधला गेला तर पुढील पिकांना कोणत्या वेगाने परत मिळेल, हे प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीचे आहेत. डीटीपीएच्या एकट्या आकड्यात त्यांचे उत्तर नाही.

खतामुळे घट की पिकामुळे घट?

दीर्घकालीन प्रयोगांत पुष्कळदा असे आढळते की, विनाखत वा केवळ नत्राच्या वाफ्यात डीटीपीए-जस्त संतुलित खतांच्या वाफ्याइतके किंवा त्याहून अधिक असते. हे अनपेक्षित नाही. ज्या वाफ्यात पीकच कमी आले तेथून जस्तही कमी गेले. अशा वेळी १०० व १५० टक्के मात्रेच्या वाफ्यांतील घटीला ‘रासायनिक खतांचा दुष्परिणाम’ म्हणणे म्हणजे भरघोस पिकाचा दोष खताच्या माथी मारणे होय. हेच जस्त शेणखतावर आलेल्या तितक्याच मोठ्या पिकानेही नेले असते. फरक इतकाच की, शेणखत काही जस्त आपल्यासोबत आणते आणि युरिया आणत नाही.

फॉस्फेटयुक्त खतांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. भारतीय दीर्घकालीन प्रयोगांच्या मूळ आराखड्यात स्फुरद बहुतांशी सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले गेले आणि गंधकविरहित प्रक्रियेत डीएपी वापरले गेले. सिंगल सुपर फॉस्फेट गंधक व कॅल्शियम आणतेच, शिवाय खडकातून आलेल्या अल्प धातूंचा काही अंशही आणते. शेतकऱ्याच्या शिवारात मात्र गेली अनेक दशके डीएपी व मिश्रखतांचा भर राहिला आहे. तेव्हा प्रयोगातील ‘१०० टक्के नत्र-स्फुरद-पालाश’ हा वाफा म्हणजे शेतकऱ्याचे शेत नव्हे. प्रयोगाचा निष्कर्ष शिवाराला लावताना खताचा स्रोत सांगणे आवश्यक असते, आणि निबंधांत तो अनेकदा एका ओळीत उरकला जातो.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे स्फुरद-जस्त विरोध. जमिनीत स्फुरद साचले की पिकात जस्ताची टंचाई होऊ शकते. स्फुरद भरपूर मिळाल्यावर मुळांवरील सहजीवी बुरशीचे, म्हणजे मायकोरायझाचे, प्रमाण घटते आणि जस्त शोषण्याचा एक मार्ग आखूड होतो. जोमदार वाढीत जस्ताचे प्रमाण विरळ होते ते वेगळेच. यांपैकी बरेच काही मुळांपाशी व रोपाच्या आत घडते. डीटीपीएच्या बाटलीत मूळ नसते, बुरशी नसते. त्यामुळे आकडा पुरेसा आणि पीक उपाशी अशी स्थिती उद्भवू शकते व ती तक्त्यात दिसत नाही.

सामूच्या बाबतीत नेमका उलट धोका आहे. हिमाचल प्रदेशातील पालमपूर केंद्रावर १९७२ पासूनच्या प्रयोगात केवळ नत्राच्या वाफ्यांतील जमीन आम्ल होत गेली आणि अखेर तेथील पीक शून्यावर आले. आम्लता वाढली की लोह व मँगनीज अधिक विद्राव्य होतात, म्हणजे डीटीपीएच्या भाषेत त्यांची ‘उपलब्धता’ वाढते. जमीन मरणपंथाला लागलेली असताना चारपैकी दोन स्तंभ सुधारणा दाखवितात! सूक्ष्म अन्नद्रव्यांचा तक्ता सामू, सेंद्रिय कर्ब व उत्पादन यांच्यापासून तोडून वाचल्यास काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सहसंबंधाचा मोह

या लेखनप्रकारातील सर्वांत दुबळा दुवा म्हणजे सहसंबंधाचा तक्ता. दहा-बारा प्रक्रियांची सरासरी घ्यावयाची, डीटीपीए-जस्त व उत्पादन यांचा सहसंबंध-गुणांक काढावयाचा, आणि तो लक्षणीय आला की जस्तामुळे उत्पादन वाढले असे सूचित करावयाचे. परंतु शेणखताच्या वाफ्यात जस्तच नव्हे, तर सेंद्रिय कर्ब, स्फुरद, ओलावा धरण्याची शक्ती व सूक्ष्मजीव हे सर्वच वाढलेले असते. ज्या दोन गोष्टी एकाच कारणाने वाढल्या, त्यांपैकी एक दुसरीचे कारण ठरत नाही.

वास्तविक या प्रश्नाचे थेट उत्तर देणारी जोडी प्रयोगाच्या आराखड्यातच आहे : नत्र-स्फुरद-पालाश, आणि नत्र-स्फुरद-पालाश अधिक जस्त. या दोन वाफ्यांत फक्त जस्ताचा फरक आहे. येथे डीटीपीए-जस्त दुपटीने वाढूनही उत्पादन वाढले नाही, तर त्या जमिनीत त्या पिकाला जस्ताची गरज नव्हती, किंवा रूढ निर्णायक पातळी तेथे लागू नव्हती. उत्पादन वाढले, तर किती पातळीखाली वाढले हे सांगता येते. म्हणजे दीर्घकालीन प्रयोग हे निर्णायक पातळी तपासून पाहण्याचे उत्कृष्ट साधन आहेत. प्रत्यक्षात ते उधार घेतलेली पातळी वापरून वाफ्यांना ‘कमी’ किंवा ‘पुरेसे’ अशी प्रमाणपत्रे देण्याच्या कामी लागतात. साधनाचा असा उलटा वापर ही या क्षेत्रातील संशोधनाची मोठी हानी आहे.

आरंभबिंदूचाही प्रश्न आहे. डीटीपीए पद्धत १९७८ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाली, तर प्रकल्पातील पहिली केंद्रे १९७०-७२ ची आहेत. तेव्हा ‘आरंभीचे मूल्य’ म्हणून दिलेला आकडा कोणत्या पद्धतीने, ताज्या मातीवर की साठवलेल्या नमुन्यावर काढला, हे स्पष्ट हवे. नमुना वाळविणे व साठविणे यांमुळे विशेषतः लोह आणि मँगनीज यांचे आकडे बदलतात. भातखाचरातील माती तर पाण्याखाली असताना एक असते आणि प्रयोगशाळेत वाळून आल्यावर दुसरीच होते.

महाराष्ट्रातील जमिनी आणि लोहाचे कोडे

आपल्या काळ्या जमिनींत लोहाने हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा केला आहे. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या जमिनींत एकूण लोह वजनाच्या कित्येक टक्के असते. ते ५ टक्के धरले, तर ५०,००० मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ. होते, आणि निर्णायक पातळी आहे ४.५. जमीन लोहाने भरलेली आणि तिच्यातील ऊस, भुईमूग वा संत्रा पिवळा, हे दृश्य शेतकऱ्याला परिचित आहे. उसातील या पिवळेपणाला तो ‘केवडा’ म्हणतो. मुक्त चुना, बायकार्बोनेटयुक्त पाणी, आणि जास्त पाण्याने कोंडलेला मुळांभोवतालचा वायू ही त्याची प्रमुख कारणे. ती ओलाव्यानुसार आठवड्या-आठवड्यात बदलतात. उन्हाळ्यात काढून वाळविलेल्या एका नमुन्यात त्यांचे प्रतिबिंब पडणे शक्य नाही. म्हणूनच ४.५ च्या वरच्या जमिनीतही केवडा दिसतो आणि खालच्या जमिनीतही हिरवे पीक आढळते.

पानाचे एकूण लोह मोजूनही हे कोडे सुटत नाही, कारण पिवळ्या पानात लोह असते, पण ते निष्क्रिय असते. कात्याल आणि शर्मा यांनी १९८० मध्ये ताज्या पानातील सक्रिय लोह ऑर्थो-फिनॅन्थ्रोलिनने काढण्याची पद्धत मांडली, ती याच अडचणीतून. ती स्वस्त आहे, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येते. दीर्घकालीन प्रयोगांच्या निबंधांत मात्र ती अपवादानेच भेटते.

कोकणातील जांभ्या जमिनींची अडचण वेगळी आहे. सामू ५.५ असलेली माती ७.३ सामू असलेल्या द्रावणात टाकली, की मोजमाप त्या जमिनीच्या स्वतःच्या परिस्थितीत होतच नाही. शिवाय, दिलेल्या प्रमाणात डीटीपीएची पकडण्याची क्षमता मर्यादित आहे. लोहासाठी ती सुमारे ५६० मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ. भरते. लोह-मँगनीजने समृद्ध आम्ल जमिनीत या क्षमतेचा मोठा भाग त्या दोन धातूंनीच व्यापल्यास जस्त व तांबे यांच्या आकड्यांविषयी सावधगिरी बाळगावी लागते. चुनखडीयुक्त जमिनीसाठी घडविलेले हत्यार जांभ्या जमिनीवर त्याच विश्वासाने चालविणे शास्त्रीय नव्हे.

आकड्याचा शिवारातील प्रवास

प्रयोगशाळेतील हा आकडा तेथेच थांबत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेत जे १२ घटक तपासण्याचे ठरले, त्यांत जस्त, लोह, मँगनीज, तांबे व बोरॉन यांचा समावेश आहे. सुरुवातीच्या आखणीत बागायत क्षेत्रात २.५ हेक्टरला व जिरायतीत १० हेक्टरला एक नमुना होता. पत्रिकेवर जस्त ०.५८ असेल तर ‘कमी’, ०.६२ असेल तर ‘पुरेसे’. हा फरक नमुना काढण्यातील व प्रयोगशाळेतील नेहमीच्या चुकीच्या मर्यादेत सहज मावतो. निर्णायक पातळी ही मुळात शक्यतेची रेषा. तिचे पत्रिकेवर निदानात रूपांतर होते आणि निदानामागून औषध येते.

हे औषध बहुधा मिश्रणाच्या रूपात असते. राज्यात जमिनीतून देण्यासाठी ग्रेड-१ व फवारणीसाठी ग्रेड-२ अशी सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणे प्रचलित आहेत. एका धातूची उणीव असली तरी पाच धातू विकत घेतले जातात. पीक सुधारले तर कशाने सुधारले हे कळत नाही, आणि न सुधारले तर पुढील हंगामात आणखी एक बाटली येते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या तुटपुंज्या भांडवलावरचा हा भार पाहता, ‘उपलब्ध’ या शब्दाची चिकित्सा हा केवळ परिभाषेचा वाद उरत नाही. याउलट, जेथे उणीव खरी आहे तेथे ती नाकारणेही तितकेच महागात पडते. वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये तराई भागातील भाताचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावाने होतो हे दाखविले, तेव्हा थोड्याशा झिंक सल्फेटने पीक वाचले. तेथे पुरावा पिकाच्या प्रतिसादाचा होता, आणि तो पुरेसा होता.

धान्य खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी गंभीर होतो. ब्रॉडबाल्क प्रयोगातील साठविलेल्या गव्हाच्या व मातीच्या नमुन्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातील जस्त, लोह, तांबे व मॅग्नेशियम स्थिर होते. अर्धबुटक्या, अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांच्या आगमनानंतर ते लक्षणीय घटले. त्याच काळात मातीतील प्रमाण मात्र वाढले किंवा स्थिर राहिले. म्हणजे मातीचा तक्ता समाधानकारक आणि ताटातील दाणा निकृष्ट, असे घडू शकते. केवळ मातीचा अर्क पाहून ‘सूक्ष्म अन्नद्रव्यांची स्थिती टिकून आहे’ असे लिहिणाऱ्या निबंधाला ही घट दिसलीच नसती.

आक्षेप व शक्य सुधारणा

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, डीटीपीए ही स्वस्त, वेगवान व देशभर समान पद्धत आहे. ती सोडल्यास जुन्या आकड्यांशी तुलना तुटेल. हा आक्षेप मान्य करावयास हवा. पद्धत सोडावी असे येथे म्हणणे नाही, तिच्याकडून वाजवी तेवढेच मागावे असे आहे. दुसरा आक्षेप साधनांच्या अभावाचा. समस्थानिकांच्या साहाय्याने विनिमयक्षम साठा मोजणे किंवा १९९४ मध्ये पुढे आलेल्या, पातळ जेलमधून होणाऱ्या विसरणावर आधारित डीजीटी तंत्राने पुरवठ्याचा वेग मोजणे प्रत्येक केंद्राला परवडणारे नाही. हेही खरे. परंतु पुढील गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही :

१. डीटीपीएसोबत निदान दहा वर्षांतून एकदा एकूण जस्त, लोह, मँगनीज व तांबे मोजावेत. पिकांनी नेलेल्या आणि खते, शेणखत व सिंचनाच्या पाण्यातून आलेल्या धातूंचा ताळेबंद द्यावा.

२. मातीची घनता व नमुन्याची खोली नोंदवावी. शेणखताने घनता घटते. केवळ मि.ग्रॅ. प्रति कि.ग्रॅ. या परिमाणात ही बाब लपते.

३. धान्याचे व निर्देशक पानाचे पृथक्करण मातीच्या तक्त्याइतकेच आवश्यक मानावे, आणि लोहासाठी सक्रिय लोह मोजावे.

४. सर्व प्रक्रियांच्या सहसंबंधाऐवजी ‘जस्तासह’ व ‘जस्ताविना’ या जोडीची वर्षानुवर्षांची तुलना मांडावी आणि त्यावरून स्थानिक निर्णायक पातळी तपासावी.

५. जुने नमुने जपावेत. ब्रॉडबाल्कचा धडा हाच आहे की, उद्याच्या पद्धतीने आजची माती तपासता आली पाहिजे. प्रत्येक तुकडीत एक संदर्भ-नमुना तपासून प्रयोगशाळेची चूक किती, हे निबंधात छापावे.

६. पत्रिकेवर ‘कमी’ व ‘पुरेसे’ यांच्यामध्ये ‘अनिश्चित’ असा पट्टा ठेवावा. त्या पट्ट्यात सरसकट मिश्रणाऐवजी, शेताच्या एका सरीत एकाच धातूची चाचणी घेऊन पाहण्याचा सल्ला द्यावा. पिवळ्या पिकावर हिराकसाच्या सौम्य द्रावणाची चार ओळींत फवारणी करून पाने हिरवी होतात काय, हे शेतकऱ्याला स्वतःच पाहता येते.

निष्कर्ष

डीटीपीए पद्धत ही मृदाशास्त्रातील एक विचारपूर्वक घडविलेली व उपयुक्त पद्धत आहे. दीर्घकालीन खतप्रयोग हेही तितकेच मोलाचे राष्ट्रीय धन आहे. या दोहोंच्या संयोगातून जे लेखन आज निर्माण होते, त्यात मात्र हंगामी प्रतिसादाच्या निर्देशांकाला जमिनीच्या साठ्याचे मोजमाप मानले जाते, प्रक्रियांमधील सहसंबंधाला कारण मानले जाते, आणि परप्रांतीय पातळीला स्थानिक सत्य मानले जाते. परिणामी संतुलित खतांचा वाफा अकारण दोषी ठरतो, आम्ल होत चाललेला वाफा अकारण निर्दोष सुटतो, आणि दाण्यातील घट नजरेआड राहते. रासायनिक खते विरुद्ध शेणखत या वादात दोन्ही पक्ष याच चार स्तंभांचा आधार घेतात, हे पाहता त्या स्तंभांचा अर्थ निश्चित करणे ही मृदाशास्त्रज्ञाची पहिली जबाबदारी ठरते. ‘उपलब्ध’ हा शब्द वापरताना कोणासाठी, कोणत्या पिकाला, किती काळ, आणि कोणत्या वेगाने, हे चार प्रश्न निबंधलेखकाने स्वतःस विचारले, तरी अकोल्यापासून पालमपूरपर्यंत अनेक दशके जपलेल्या वाफ्यांतून आज मिळते त्याहून पुष्कळ अधिक ज्ञान हाती येईल.